सहीआधी वाचा : शिशाचा रंग, वकिलाचा खर्च आणि विम्याचे कलम

गेल्या रमजानमध्ये, ईद आठवड्यावर आली असताना, माझा भाचा एक कागद घेऊन दुकानात आला. लहान मुलांचे तयार कपडे शिवण्याचा त्याचा कारखाना आहे. तीस-बत्तीस मशिनी, छपाई बाहेरून करून घेतो, गुंड्या आणि चेन बाजारातून आणतो. अमेरिकेतल्या एका खरेदीदाराकडून त्याला पहिली मोठी ऑर्डर मिळण्याच्या बेतात होती. कागद बावीस पानांचा, सगळा इंग्रजीत. तो म्हणाला, "मामू, सगळेच सही करतात. मीही करून टाकतो. फक्त एकदा नजर टाका."

मी उर्दू शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कोर्टकचेरीची इंग्रजी वाचण्याची सवय मला धंद्याने लावली, तीही एकदा चांगली ठेच लागल्यावर. ती हकीकत पुढे सांगतो. अकराव्या पानावर एक कलम होते. त्याचा अर्थ असा : या मालामुळे कोणाला इजा झाली, कोणी दावा लावला, सरकारने दंड केला किंवा माल परत मागवावा लागला, तर सर्व नुकसान पुरवठादार भरील. खरेदीदाराला कोर्टात आपला बचाव करावा लागला तर त्याच्या वकिलांचा खर्चही पुरवठादारच भरील. त्यासाठी पुरवठादाराने विमा उतरवावा आणि त्यात खरेदीदाराचे नाव घालावे. आणि त्याखाली वेगळी ओळ होती, शिशाबद्दल.

मी विचारले, "बेटा, तुझ्या कपड्यात शिसे कुठून येणार?" तो हसला. "कपड्यात नाही मामू. पण छापलेल्या अस्वलाच्या रंगात येऊ शकते म्हणतात. गुंडीवरच्या रंगात पण."

त्याचे म्हणणे बरोबर होते. अमेरिकेने २००८ साली मुलांच्या वस्तूंसाठी कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, मॅटेल या खेळणी कंपनीला चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी परत मागवावी लागली होती, कारण त्यांच्यावरील रंगात शिसे निघाले. नव्या कायद्याने बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंवरील रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. वस्तूच्या इतर भागांत २०११ पासून १०० भागांची मर्यादा आहे. साध्या रंगवलेल्या सुतीला किंवा पॉलिस्टरला शिशाच्या चाचणीतून सूट आहे. पण त्यावर छपाई झाली की सूट गेली. गुंडी, टिचबटण, चेन यांनाही सूट नाही. आपल्या छापखान्यांतील कितीजणांना हे ठाऊक आहे, ते मला माहीत नाही. मी ज्या चौघांना विचारले त्यांतल्या एकालाच ठाऊक होते.

मॅटेलच्या प्रकरणात ज्या कारखान्याने ती खेळणी बनवली, त्याच्या मालकाने २००७ च्या ऑगस्टमध्ये आत्महत्या केली. तो रंग त्याला त्याच्या जवळच्या मित्राच्याच कंपनीने पुरवला होता, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. आपल्याकडेही माल असाच येतो. रंगवाला ओळखीचा, छापणारा बिरादरीतला, बिल कधी असते कधी नसते, आणि डब्यावर चिठ्ठी नसते. साखळीच्या वरच्या टोकाला वकिलांची फौज असते आणि खालच्या टोकाला एक माणूस, ज्याने कागदावर सही केलेली असते.

म्हणून हे कलम कुठून आले, ते आपण समजून घेतले पाहिजे. ते अमेरिकेतील घरांच्या भिंतींवरून आले आहे.

शिशाचा पांढरा रंग, ज्याला आपले जुने रंगारी सफेदा म्हणत, तो पक्का आणि झाकणारा रंग. पण तो भिंतीवरून पापुद्रे होऊन सुटतो, धूळ होतो. शिशाचे काही क्षार चवीला गोड असतात. रांगते मूल बोट तोंडात घालते, पापुद्रा चघळते आणि शिसे रक्तात जाते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या शरीरात ते जास्त मुरते आणि मेंदूला लागते. झालेले नुकसान परत भरून येत नाही. हे कालपरवा कळलेले नाही. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९२१ सालीच घरांच्या आतील रंगकामात सफेद्याला आळा घालणारा करार केला होता. अमेरिकेने घरांसाठी शिशाचा रंग बंद केला तो १९७८ साली. मधल्या सत्तावन्न वर्षांत रंग विकला गेला, जाहिराती झाल्या. एका कंपनीच्या रंगाच्या डब्यावर तर गोंडस मुलाचेच चित्र असे, आणि मुलांना रंगवायच्या चित्रांच्या वह्या वाटल्या जात.

पुढे दावे लागले. कंपन्यांचा बचाव सरळ होता आणि बराच काळ चाललाही. आम्ही विकला तेव्हा माल कायदेशीर होता. कुठल्या भिंतीवर कुणाचा रंग आहे हे सिद्ध करा. आणि रंग सुटला तर तो घरमालकाने देखभाल न केल्याचा दोष. ऱ्होड आयलंड राज्यात २००६ साली ज्यूरीने तीन कंपन्यांना दोषी धरले, पण २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. इजा होते त्या वेळी तो रंग कंपन्यांच्या ताब्यात नव्हता, असे ते म्हणाले.

कॅलिफोर्नियात मात्र वेगळे झाले. सांता क्लारा परगण्याने २००० साली लावलेला दावा तेरा वर्षांनी सुनावणीस आला. तोवर दहा परगणे आणि शहरे त्यात होती. त्यांनी हा रंग सार्वजनिक उपद्रव आहे, असे मांडले. अमुक मुलाला अमुक डब्याने बाधा झाली, हे त्यामुळे सिद्ध करावे लागले नाही. धोका ठाऊक असून तुम्ही घरात लावायला तो पुढे केलात, एवढे पुरे झाले. पुरावा कुठला? कंपन्यांच्याच जुन्या जाहिराती, त्यांच्याच व्यापारी संघाचे कागद. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचे. शेरविन-विल्यम्स, एनएल इंडस्ट्रीज आणि कॉनॅग्रा या तीन कंपन्यांवर ११५ कोटी डॉलरचा हुकूम झाला. अपिलात २०१७ साली न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण १९५१ पूर्वीच्या घरांपुरताच, कारण त्यानंतर घराच्या आतील रंगासाठी प्रचार केल्याचा पुरावा नव्हता. रक्कम उतरून सुमारे ४१ कोटी डॉलर झाली आणि अखेर २०१९ च्या जुलैमध्ये ३० कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. तिघांनी साधारण सारखे वाटून घेतले.

यातली कॉनॅग्रा ही खाण्याच्या वस्तूंची कंपनी. तिने रंगाचा एक डबा बनवला नव्हता. फुलर नावाची रंगाची जुनी पेढी एकाने घेतली, त्याला दुसऱ्याने घेतले, त्या दुसऱ्याला कॉनॅग्राने घेतले, आणि फुलरचा जुना दोष सगळे जिने चढून तिच्या दारी आला. आपल्यात कोणी जुनी पेढी किंवा रंगखाना विकत घेतो तेव्हा गुडविलचे पैसे मोजतो. मागची देणी विचारतो ती उधारीपुरतीच.

तर तिन्ही कंपन्या आपापल्या विमा कंपन्यांकडे गेल्या. अनेक वर्षे हप्ते भरले होते, पॉलिश्या जपून ठेवल्या होत्या. आम्हाला तीस कोटी भरावे लागले, तुमचा वाटा द्या. विमा कंपन्या म्हणाल्या, नाही. आणि इथून खरी गंमत सुरू होते. एकाच तडजोडीचा पैसा, एकाच प्रकारचा दोष, आणि तीन राज्यांच्या न्यायालयांनी तीन वाटा धरल्या.

कॉनॅग्राचा वाद कॅलिफोर्नियात चालला. तिथल्या विमा कायद्यात कलम ५३३ आहे : विमेदाराने जाणूनबुजून केलेल्या कृत्याचे नुकसान विमा कंपनी भरणार नाही, आणि पॉलिसीत काहीही लिहिले तरी हे बदलता येत नाही. २०२२ साली अपील न्यायालयाने सांगितले, फुलरला धोका ठाऊक होता आणि तरी त्याने घरात लावायला तो रंग पुढे केला. मूळ खटल्यात हेच सिद्ध झाले आहे. मग आता अपघात म्हणून पैसे कसे मागता? एनएलचा वाद न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या अपील न्यायालयाने त्याच वर्षी एनएलच्या बाजूने निकाल दिला. तडजोडीचा पैसा ही नुकसानभरपाईच आहे, असे मानले. शेरविन-विल्यम्सचा वाद ओहायोत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये सांगितले की पॉलिसी 'नुकसानभरपाई'साठी आहे. हा पैसा भिंती साफ करण्याच्या फंडात गेला, पुढची इजा टाळण्यासाठी. झालेल्या नुकसानीची ती भरपाई नव्हे. म्हणून विमा नाही.

मला यातला कॅलिफोर्नियाचा निकाल न्यायाचा वाटतो. ओहायोचा मात्र शब्दाचा कीस काढल्यासारखा वाटतो. हप्ता घेताना विमा कंपनीने कधी सांगितले होते का की मुलाला विषबाधा झाल्यावर पैसे मिळतील, पण होऊ नये म्हणून भिंत खरवडली तर मिळणार नाहीत? पण माझ्या वाटण्याला तिथे किंमत नाही. शब्द होता, त्यावर बोट ठेवले गेले.

शब्दांचे हे खेळ जुनेच आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तिथल्या विमा कंपन्या पॉलिसीत 'प्रदूषणामुळे झालेली इजा वगळून' असे लिहू लागल्या. मग प्रश्न आला, घराच्या भिंतीवरचा सुटलेला रंग हे प्रदूषण आहे की नाही? भाडेकरूच्या मुलाला बाधा झाली, त्याने घरमालकावर दावा लावला, घरमालक विमा कंपनीकडे गेला. मेरीलँडच्या न्यायालयाने १९९५ साली म्हटले, नाही, प्रदूषण म्हणजे कारखान्याचा धूर, नदीतले सांडपाणी. कंपनीने बचाव करावा. विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने १९९९ साली म्हटले, होय, हे प्रदूषणच, कंपनी मोकळी. दोन घरमालक, जवळजवळ सारखे शब्द. एकाला वकील मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. आणि तिथे वकील मिळणे हीच अर्धी लढाई असते, कारण तिथल्या जबाबदारीच्या पॉलिसीत दोन वेगळी वचने असतात : एक बचाव करण्याचे, दुसरे पैसे भरण्याचे. बचावाचे वचन जास्त रुंद असते. दाव्यातला एखादा मुद्दा जरी पॉलिसीत बसू शकत असेल, तरी कंपनीला वकील द्यावा लागतो. भाच्याच्या अकराव्या पानावर खरेदीदाराने हेच बचावाचे ओझे अलगद त्याच्या डोक्यावर ठेवले होते. सात समुद्रापलीकडच्या वकिलांचे तासाचे दर, आणि भरणार कोण, तर तीस मशिनींचा कारखाना.

आता आपल्या घरातली एक गोष्ट. आपल्यातले काही दीनदार लोक म्हणतील, विमाच नको, त्यात सूद आणि जुगार आहे, मग ही चर्चा कशाला? उलमांमध्ये यावर मतभेद आहेत. दंग्याच्या भीतीमुळे मजबुरी म्हणून मालाच्या विम्याला काहींनी परवानगी दिली, काहींनी दिली नाही. मी फतवा देणारा कोणी नाही. पण आपल्या फिकहमध्ये आकिला नावाची एक व्यवस्था आहे, ती या ठिकाणी आठवल्याशिवाय राहत नाही. एखाद्याच्या हातून चुकून माणूस मेला, तर दियत तो एकटा भरत नसे. त्याचे आप्त, त्याचा गट मिळून तीन वर्षांत हप्त्याने भरत. हनफी फिकहच्या हिदायामध्ये तर असेही म्हटले आहे की जिथे लोक एकमेकांना धंद्याच्या नात्याने साथ देतात, तिथे त्या धंद्याचे लोकच आकिला. म्हणजे विणकरांचे विणकर, रंगाऱ्यांचे रंगारी. पण त्या व्यवस्थेची अट काय होती? जाणूनबुजून केलेला खून असेल तर आकिला एक दिरहमही देणार नाही. ज्याने केला तो आपल्या मालातून देईल. तसेच कोणी परस्पर सुलह करून बसला, किंवा एकट्याने कबुली देऊन बसला, तर ती रक्कमही गटावर नाही.

आता आपली कुठलीही जबाबदारीची पॉलिसी काढून अटी वाचा. जाणूनबुजून केलेले कृत्य वगळून. आमच्या लेखी संमतीशिवाय कबुली देऊ नये, तडजोड करू नये, पैसे देऊ नयेत. तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीत आणि या छापील कागदात फरक भरपूर आहे, नाही असे नाही. पण दोन्हीकडे चुकीचा भार वाटून घेतला जातो, माहीत असून केलेल्याचा नाही. कॅलिफोर्नियाच्या न्यायाधीशांना आकिला ठाऊक असण्याचे कारण नाही, तरी ते तिथेच पोहोचले.

आपल्या देशातही हेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका व्यापाऱ्याच्या गोदामातील चोरीच्या दाव्यात सांगितले की पॉलिसीत घरफोडी म्हणजे बळजबरीने, तोडफोड करून आत शिरणे, असे लिहिले असेल, तर कुलूप न तोडता गेलेल्या मालाचे पैसे मिळणार नाहीत. शब्द आहेत तसेच वाचायचे. आणि विमा घेताना माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट लपवली तर करारच लटका पडतो.

मी म्हणालो होतो की ठेच लागली, ती इथलीच. काही वर्षांपूर्वी माझ्या गोदामात पाण्याचा नळ रात्री फुटला आणि खालच्या थराचा माल भिजला. मी गोदामाच्या मागच्या बाजूला एका रंगाऱ्याचे चार-पाच ड्रम भाड्याने ठेवू देत असे. भिजलेल्या ड्रममधला रंग माझ्या कापडाला लागला, आणि नुकसान पाण्याने झाले त्याहून रंगाने जास्त झाले. एजंटने फॉर्म भरताना 'फक्त कापड' असे लिहिले होते. मी त्याला ड्रमचे सांगितले होते. तो म्हणाला होता, "हाजीसाब, इतनी बारीकी कौन देखता है." सर्व्हेअरने बारकाईनेच पाहिले. फॉर्मवर सही माझी होती, एजंटची नव्हती. मी फॉर्म वाचला नव्हता, कारण तो इंग्रजीत होता आणि मला विचारायची लाज वाटली. मला दाव्याच्या चौथाई रक्कमही मिळाली नाही. कंपनीवर राग येतो, पण खरे सांगायचे तर ड्रम होते आणि मला माहीत होते.

दंग्याचे कलम मात्र आपले लोक वाचायला शिकले आहेत. भिवंडीत १९८४ साली आणि मुंबईत १९९२-९३ मध्ये जे झाले, त्यानंतर पॉलिसीत दंगा, संप, नासधूस आहे की नाही हे आपला साधा पानवालाही विचारतो. आगीचे तसे, पुराचे तसे. विषाचे कलम मात्र कोणी विचारत नाही, कारण विष जळत नाही, आवाज करत नाही. भोपाळमध्ये १९८४ साली एका रात्रीत झाले म्हणून जगाला दिसले. दिल्लीत १९८५ च्या डिसेंबरमध्ये श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला, त्यावर पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व घालून दिले की धोक्याचा धंदा करणारा काळजी घेतली होती म्हणून सुटू शकत नाही. मग १९९१ साली धोक्याचे पदार्थ हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा करणारा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. पण तो ठरावीक पदार्थ ठरावीक प्रमाणात ठेवणाऱ्यांसाठी. गल्लीतल्या छापखान्यातले दोन ड्रम किंवा बॅटरीचे शिसे वितळवणारी छोटी भट्टी बहुतेक त्याच्या जाळ्यात येत नाही. जाळ्यात येत नाही म्हणजे शिसे येत नाही असे नव्हे.

बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने १९९९ साली देशातील सात शहरांत मुलांचे रक्त तपासले. मुंबई त्यात होती. निम्म्याच्या आसपास मुलांच्या रक्तात तेव्हा धोक्याच्या मानलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शिसे निघाले. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे होते. ते २००० साली बंद झाले. घरगुती रंगासाठी आपल्या सरकारने २०१६ साली नियम काढला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० भागांची मर्यादा लागू केली. कारखान्यात वापरायच्या रंगांना मात्र तो नियम नाही. सुरमा हा आपल्या प्रत्येक मोहल्ल्यातील इत्रवाल्याच्या दुकानात मिळतो. सुन्नत ज्या इस्मिदची आहे तो सुरम्याचा दगड आणि बाजारात स्वस्तात मिळणारी काळी चमकदार पूड ही पुष्कळदा एक नसते. त्या पुडीत पुष्कळदा शिशाचे सल्फाइड असते, आणि म्हणूनच अमेरिकेत सुरमा बंदरावर अडवला जातो. पण तो विषय वेगळ्या लेखाचा.

रंगखान्यातला कारागीर संध्याकाळी घरी जातो तेव्हा पूड त्याच्या कपड्यांवर असते. मूल धावत येऊन पायांना मिठी मारते. शिसेबाधा हा १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून धंद्यातला आजार मानला गेला आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. म्हणजे कारागिराला तो आजार झाला तर मालकावर जबाबदारी येते. आपण कामगारांचा विमा घेतो तेव्हा अपघात पाहतो; आजार आहे का, ते पाहत नाही. कारागिराच्या मुलाचे तर कुठल्याच पॉलिसीत नाव नसते.

कापडवाल्यांना याची पहिली चव १९९४ साली मिळाली. जर्मनीने काही अझो रंगांवर बंदी घातली, कारण ते फुटून कर्करोग करणारी द्रव्ये तयार होतात. आपल्याकडे ४२ बेंझिडीन रंग १९९३ पासून आणि आणखी ७० अझो रंग १९९७ साली बंद झाले. तेव्हा बाजारात हाहाकार झाला. हे युरोपचे कारस्थान आहे, आपला माल मारायचा आहे, असे आम्ही चहाच्या टपरीवर एकमेकांना सांगत होतो. मीही सांगत होतो. थोडेफार कारस्थान असेलही. पण रंगखान्यात तीस वर्षे उभा राहिलेला माणूस कशाने मेला, हे आम्ही त्या टपरीवर कधी विचारले नाही.

१९९४ पूर्वी 'आम्हाला माहीत नव्हते' हे खरे उत्तर होते. आज ते देता येणार नाही. खरेदीदाराचा कागद हातात आला, त्यात शिसे लिहिले आहे, आपण त्यावर सही केली; त्या दिवसापासून आपल्याला माहीत आहे. त्यानंतर चिठ्ठी नसलेल्या ड्रममधून रंग घेतला, तर उद्या कोर्टात चूक म्हणून सांगता येणार नाही, आणि विमा कंपनी तीच सही पुढे करील. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि दुकानदाराला त्यांनी विचारले की ही वर का ठेवली नाहीस, ही गोष्ट आपण मुलांना मदरशात शिकवतो. ड्रमावर चिठ्ठी नसणे ही ढिगाच्या आतली ओलच आहे.

भाच्याने सही केली नाही. आम्ही एका वकिलाला कागद दाखवला आणि खरेदीदाराला चार गोष्टी लिहिल्या. कारखान्याच्या कामातल्या दोषापुरतीच जबाबदारी घेऊ. ज्या गुंड्या आणि जो छपाईचा रंग खरेदीदार स्वतः ठरवून देतो, त्याची घेणार नाही. वकिलाच्या खर्चाला रकमेची मर्यादा हवी. माल परत मागवण्याआधी आम्हाला कळवावे. विम्यासाठीही विचारपूस केली तेव्हा कळले की जगभरासाठी म्हणून दाखवलेल्या पहिल्या पॉलिसीत अमेरिका आणि कॅनडाच वगळले होते. ते घालून घ्यायला हप्ता वेगळा. शिशाबद्दल काय, असे विचारल्यावर एजंट गप्प झाला आणि लेखी उत्तर आणतो म्हणाला. मी त्याला म्हटले, उत्तर येईपर्यंत हप्ता नाही. त्या पॉलिसीत दावा कधी आला याला महत्त्व असते, माल कधी विकला याला नाही. त्यामुळे मध्येच विमा बंद पडला तर जुन्या मालाचेही छत्र जाते. हे मलाही नवीन होते.

खरेदीदाराने चारपैकी दोन गोष्टी मानल्या. खर्चाला मर्यादा त्याने मानली नाही. ऑर्डर निम्म्याने कमी करून भाच्याने घेतली. प्रत्येक लॉटच्या छपाईचा तुकडा आणि गुंडी तो प्रयोगशाळेत तपासून घेतो, आणि अहवालावर लॉटचा नंबर घालून फाईलला लावतो. रंगवाल्याकडून बिलावर कंपनीचे नाव आणि बॅच नंबर मागतो. रंगवाला आधी नाराज झाला, चार दिवस बोलला नाही.

आपल्या कापडवाल्यांच्या जमातीची बैठक बकरी ईदनंतर आहे. मी तिथे दोन गोष्टी मांडणार आहे. एक, मोहल्ल्यातील छापखाने आणि रंगखाने यांनी मिळून तपासणीचा खर्च वाटून घ्यावा. एकट्याला तो परवडत नाही. दुसरी, कोणाच्या हातून खरोखर चूक झाली तर वकिलाच्या पहिल्या खर्चासाठी जमातीचा एक फंड असावा. पण ज्याने चिठ्ठी नसलेला रंग वापरला असेल त्याला त्यातून पैसा मिळणार नाही. या दुसऱ्या अटीवर भांडण होणार, हे मला आताच दिसते आहे. ज्या दोघांना मी आधी सांगितले, त्यांतल्या एकाने विचारले की मग फंड कशाला. दुसरा काही बोलला नाही. त्याच्या छापखान्यात निळे ड्रम आहेत, त्यांवरची चिठ्ठी कधीच निघून गेली आहे.